शिंगराची आयाळ

आमची ही गेली त्याला सात महिने झाले होते. एका गुरुवारी तिच्या कचेरीतून जाड पाकीट आलं. ती बावीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लिहायची. एका शब्दाला एक कार्ड. पाकिटात छपाईला निघालेली पानं होती आणि वर संपादकबाईंची चिठ्ठी: "काका, पहिला खंड सोमवारी छपाईला जातोय. यातले बरेच शब्द काकूंचे आहेत. तुमच्याकडे असावेत म्हणून पाठवते."

माझं आयुष्य घोड्यांत गेलं. चाळीस वर्षं तबेल्यात खरारा केला. वाचायची फारशी सवय नाही. पण त्या दिवशी चहा घेऊन बसलो आणि पानं चाळायला लागलो. तिचे शब्द लगेच ओळखू येत होते. उदाहरण साधं आणि घरातलं असलं की ते तिचं. 'आदळणे'पुढे लिहिलं होतं: "दार आदळू नका, हा तबेला नाही." हे ती मला रोज म्हणायची.

चार पानं उलटली आणि 'आयाळ' आली. "घोडा, सिंह इत्यादी प्राण्यांच्या मानेवरचे लांब केस. शिंगराला आयाळ नसते, ती वयात आल्यावर येते."

मी कप खाली ठेवला.

शिंगराला आयाळ असते. जन्मतःच असते. आखूड असते, ताठ उभी असते, पण असते. हे तबेल्यातलं मांजरसुद्धा सांगेल. मग हिने असं कसं लिहिलं? ते मला आठवलं, आणि चहा तसाच राहिला.

मागच्या वर्षीची गोष्ट. दवाखान्याच्या औषधांनी तिचे सगळे केस गेले होते आणि नुकते परत येत होते. मी कामावर निघालो होतो, बूट घालत होतो. ती आरशासमोर डोक्यावरून हात फिरवत उभी होती. म्हणाली, "अहो, शिंगराला आयाळ असते का हो?"

मी म्हणालो, "कुठली असायला? जन्मल्या जन्मल्या कुणाला दाढी येते का?"

ती हसली. मीही हसलो आणि निघालो. मला वाटलं, थट्टा झाली, संपलं. पण भाषेच्या बाबतीत दहा जणांशी भांडणारी ही बाई घोड्यांच्या बाबतीत माझा शब्द खाली पडू देत नसे. तिने ते लिहून टाकलं. आता तिच्या हातची चूक हजारो प्रतींत छापली जाणार होती, आणि चूक तिची नव्हतीच.

मी तसाच कचेरीत गेलो. संपादकबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीला लागून असलेल्या खणांतून कार्ड काढलं. तिचं अक्षर बघून मी जरा वेळ खिडकीकडे बघितलं.

"इथे बघा काका," त्या म्हणाल्या. "वक्ता: घरचे. खाली तारीख. तुम्हीच सांगितलंय."

"ती थट्टा होती हो. आता मी खरं सांगतोय ना! असते म्हणून लिहा."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण एकाच माणसाने आधी नाही म्हटलं आणि आता तोच हो म्हणतोय, तर मी कशाच्या जोरावर बदलू?"

"फोटो आणतो. तबेल्यात नऊ दिवसांचं शिंगरू आहे."

"फोटोत शिंगरू दिसेल, शब्द दिसणार नाही. लोक त्या केसांना आयाळ म्हणतात का, ते मला हवंय. दोन माणसं हवीत. तीही आपणहून बोललेली. आपण शब्द त्यांच्या तोंडात घालायचा नाही. हा नियम काकूंनीच आम्हाला शिकवला. फक्त तुमच्या बाबतीत त्या तो मोडायच्या."

त्यांनी मला चार कोरी कार्डं दिली. तिचं कार्ड त्या परत ठेवत होत्या तेव्हा मला त्याची मागची बाजू दिसली. तिथेही तिने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. मी विचारलं, हे काय?

"शब्द कुठून आला ते. फारसीत आणि तुर्कीत याल, अयाल असे शब्द आहेत. आपला आयाळ त्यांच्याच नात्यातला असावा, असं काकूंचं मत होतं. संस्कृतातला शब्द वेगळा, केसर. त्यावरून सिंह केसरी झाला. पण रोजच्या बोलण्यात टिकली ती आयाळ." मग त्या हसल्या. "काकू म्हणायच्या, हा शब्द पंडितांनी आणलेला नाही. घोड्यांबरोबर, घोडे सांभाळणाऱ्यांच्या तोंडून आलाय. आमच्या ह्यांच्या जातभाईंनी आणलाय."

हे ती मला कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल, मी बूट घालत असेन.

शुक्रवारी सकाळीच तबेल्यात जाऊन बसलो. काळ्या घोडीचं शिंगरू तिच्या पोटाखाली ढुशा देत होतं. मादी होती. मानेवर दोन बोटं उंचीची आयाळ, अगदी ताठ. माझ्या जागेवर आता पैलवान काम करतो. काडीसारखा आहे म्हणून त्याला पैलवान म्हणतात.

"काका, निवृत्त झालात ना? की बायको नाही म्हणून इथे संसार थाटताय?" तो म्हणाला. तो असाच बोलतो, आणि म्हणूनच मला बरा वाटतो.

"बसू दे रे जरा. हे बघ, हिच्या मानेवर काय आहे?"

"माशी."

"माशी नाही. माशीच्या खाली."

"मान." तो माझ्याकडे निरखून बघायला लागला. "काका, जेवलात का काल?"

दुपारी नालबंद आला. त्याच्यासमोर मी शिंगराच्या मानेवरून इतक्या वेळा हात फिरवला की घोडीने कान मागे टाकले. नालबंद म्हणाला, "तुरा छान आहे हो." मी मनात कपाळाला हात लावला. शनिवारी पैलवान स्वतःहून म्हणाला, "काका, हिचा बुटाचा ब्रश बघा." दिवसभरात झिपऱ्या झाल्या, लव झाली, दात घासायचा ब्रशही झाला. आयाळ कुणाच्या तोंडून येईना. घरी जाताना मला पहिल्यांदाच शंका आली. खरंच म्हणत नसतील तर? मग चूक माझीही नाही, तिचीही नाही आणि कार्ड बरोबर. पण त्यानेही बरं वाटेना.

रविवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शिंगराचे सांधे बघितले, बेंबी बघितली. मी गप्प बसलो होतो. हात फिरवायचंही सोडून दिलं होतं. त्यांनी मानेवर बोटं घातली आणि एकदम पैलवानावर ओरडल्या, "अरे, एवढ्याशा आयाळीत गोचीड! तुझं लक्ष कुठे असतं?"

मी ताडकन उठलो. "पुन्हा म्हणा!"

"गोचीड?"

"त्याच्या आधीचं!"

त्या घाबरल्याच. मी खिशातून कार्ड काढलं, त्यांचंच पेन घेतलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग दोघांना सगळा प्रकार सांगितला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "गोचीडही कोशात जाणार का?"

पैलवान म्हणाला, "एवढंच होतं होय? मग मी म्हणतो की. आयाळ, आयाळ, आयाळ. लिहा."

"आता तुझं चालत नाही. तुला कळलंय."

"म्हणजे तीन दिवस मी अडाणी होतो तेव्हा माझी किंमत होती!"

एक साक्ष मिळाली, एक राहिली. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. सहाच्या सुमाराला आमची लेक मला न्यायला आली. मी तिला या भानगडीतलं काही सांगितलं नव्हतं. आईच्या पानांत चूक आहे, हे तिला कसं सांगणार? पैलवानाला मी डोळ्यांनीच दटावलं. त्याने तोंडात गवताची काडी धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबा, तीन दिवस इथे काय करताय तुम्ही?" ती म्हणाली. मग तिला शिंगरू दिसलं. ती कठड्याला टेकली. शिंगराने तिची बोटं हुंगली, तिने हळूच मानेवर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "हिची आयाळ बघा. आईचे केस परत आले होते ना, ते असेच उभे राहायचे."

पैलवानाच्या तोंडातली काडी पडली. मी खिशात हात घातला, पण कार्ड काही लगेच निघेना. मला तो आरसा दिसत होता आणि आमच्या हिचा डोक्यावरून फिरणारा हात. ती तेव्हा शब्दाचं विचारत होती की आणखी कशाचं, ते आता कळायला मार्ग नाही. पण उत्तर हो होतं. आखूड असते, उभी असते, पण असते.

मग मी लेकीला सगळं सांगितलं. ती रडली आणि रडता रडता म्हणाली, "दाढी? खरंच दाढी म्हणालात?" आणि हसायला लागली. कार्ड तिनेच लिहिलं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. संपादकबाईंनी दोन्ही कार्डं वाचली. दुसरं दोनदा वाचलं.

"घरचं माणूस चालतं ना?" मी विचारलं.

"काकूंची अर्धी कार्डं घरच्या माणसांचीच आहेत." त्यांनी 'आयाळ'पुढचं शेवटचं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं: "शिंगराची आयाळ आखूड व उभी असते." उदाहरण म्हणून घातलं, "हिची आयाळ बघा." पुढचं घातलं नाही. ते आमचं आमच्याजवळ राहिलं.

"जुनं कार्ड फाडणार?" मी विचारलं.

"इथे काही फाडत नाही. नवीन मागे जोडतो." त्यांनी तिन्ही कार्डांच्या भोकांतून दोरा ओवला. पुढे तिचं, मागे आमची दोन.

मी उठलो तेव्हा त्यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पुढे केला. "दुसऱ्या खंडात खरारा आहे, खूर आहे, खोगीर आहे. काकूंशिवाय तबेल्यातलं मला कोण सांगणार?"

"मी सांगेन," मी म्हणालो. "पण आधी विचारून घेईन. आणि थट्टा करणार नाही."

"थोडी चालेल," त्या म्हणाल्या.

गठ्ठा कोटाच्या खिशात मावेना, हातातच धरला. बाहेर पडताना दार जपून लावलं.