न मागणाऱ्यांची आवृत्ती

माझी धाकटी जाऊ कंपायलर बनवणाऱ्या गटात काम करते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर, एवढं मला तिच्यामुळे कळलं. प्रोग्रॅमच्या भाषेची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. आपली कोणती, हे लिहिणाऱ्याने सांगायचं असतं. नाही सांगितलं, तर कंपायलर आपल्या मनाने एक धरतो. त्यांचा अजून जुनीच धरत होता. ती बदलायला हवी, हे सगळ्यांना पटत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

धाकटी म्हणाली, "मी बांधते."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने कंपायलरच्या एका फाइलमधला, कोणती आवृत्ती धरायची ते सांगणारा आकडा बदलला आणि चाचण्या लावल्या. नापास चाचण्यांनी पडदा लालेलाल! गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे बुवा म्हणतात, फोनवर म्हणाले, "बघ, मी सांगत होतो. चाललंय ते चालू दे."

ती वाद घालत बसली नाही. आकडा पूर्ववत केला आणि एकेक लाल ओळ निस्तरायला घेतली. आधी गटाचा स्वतःचा कोड, मग चाचणीला घेतलेले इतरांचे प्रोग्रॅम. शेवटी एकच अडून राहिला: कालव्याचे दरवाजे उघडणारा. तो सांभाळणारे निवृत्त इंजिनियर होते. त्यांनी जागोजागी नाव म्हणून वापरलेल्या एका शब्दाला नव्या भाषेत खास अर्थ आला होता.

तिने त्यांना फोन लावला. मी भाजी चिरत ऐकत होते.

"अहो बाई," ते कडाडले, "मी ही नावं ठेवली तेव्हा तुमची ती नवी भाषा जन्मली तरी होती का?"

"नव्हती, काका. चूक तुमची नाहीच. म्हणून तर आधी विचारते आहे. जुनीच आवृत्ती हवी असेल, तर एक ओळ घालावी लागेल. नाहीतर नावं बदलावी लागतील. दोन्ही तयार करून पाठवते, पटेल ते घ्या."

काकांचा आवाज जरा खाली आला: "पाठवा. बघतो."

बुवा वैतागले. "एका म्हाताऱ्यासाठी सगळ्यांनी थांबायचं?"

"एकटे तेच नाहीत, बुवा. असे कितीतरी असतील, आपल्याला ठाऊकही नसलेले. त्यांनी आवृत्ती लिहिली नाही, म्हणजे सगळं आपल्यावर सोडलंय. कंपायलरच्या येत्या खेपेला नुसती सूचना दाखवू, बदल त्यापुढच्या खेपेला."

लोक कुरकुरले. धाकटी ढिम्म हलली नाही. माझ्यासारखी असती, तर केव्हाच हात झटकून मोकळी झाली असती.

सूचनेची खेप पार पडली आणि त्यापुढच्या खेपेला, सकाळीच, तिने तो आकडा पुन्हा बदलला. पडदा हिरवागार. दिवसभर कुणाची तक्रार नाही. संध्याकाळी बुवांचा फोन आला. "काहीच झालं नाही गं!" आवाजात थोडी निराशाच होती.

"तेच तर हवं होतं," धाकटी म्हणाली आणि आळस देऊन उठली.

पुढच्या आठवड्यात कालव्यावाल्या काकांचाही फोन आला. ती एक ओळ त्यांनी घातलीच नव्हती. सगळी नावं स्वतःच्या हाताने बदलली होती. "आता सांग," ते म्हणाले, आणि 'अहो बाई'वरून 'अगं'वर आले, "अगं, या नव्या भाषेत आणखी काय काय आहे?"

ती खुर्ची ओढून बसली. गॅसवरचं दूध मी उतरवलं.