सत्काराला गैरहजर

लोणीचे सावळेरामभाऊ लग्नाला जात ते माइकसाठी. माइकवर आपलं नाव घेऊन शाल-श्रीफळ दिलं, तर लग्न चांगलं झालं. नाव राहिलं, तर त्या घराशी बोलणं बंद. अशी बंद घरं वाढत वाढत गावात रामराम घालायला पुजारीच तेवढा उरला होता.

मागच्या वैशाखात डिंभे गावातल्या लग्नात नाव आलं नाही. भाऊ न जेवता उठले आणि फाट्यावर एसटीची वाट बघत बसले. एसटी आली नाही, चक्कर आली. पण खरा धक्का पुढेच होता. आपण रुसून गेलो हे लग्नात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढा राग, आणि गिऱ्हाईक एकसुद्धा नाही!

म्हणून आज ओतूरला, चुलतभावाच्या पप्पूच्या लग्नाला ते ठरवूनच आले होते. नाव येवो न येवो, आपण जेवायचं.

अक्षता पडल्या तरी सत्कार उरलेच होते. माजी सरपंच झाले, आजी झाले, भावी झाले. मग मांडववाल्याच्या सासऱ्याला शाल मिळाली आणि भाऊंच्या छातीत जुनी कळ उठली. तिच्यापाठोपाठ तेही उठले.

मंगलबाई दचकल्या. "अवो, रुसला का काय?"

"न्हाई. भूक लागलीय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईंनी हे उत्तर पहिल्यांदाच ऐकलं. त्याही मागोमाग पंगतीत येऊन बसल्या.

जिलेबी गरम होती. भाऊंनी दुसरी उचलली, तोच माइक गरजला, "लोणीचे सावळेरामभाऊ असतील तिथून स्टेजवर यावं!"

"अवो, तुमालाच!" मंगलबाईंनी कोपर मारलं.

भाऊंनी छातीकडे लक्ष दिलं. कळ नाही, धडधड नाही. मठ्ठा तेवढा उतरत होता, गारेगार.

"सावळेरामभाऊ दिसत नाहीत. त्यांच्या वतीनं गेणभाऊ..."

मघापासून पहिल्या रांगेत तोंड फुगवून बसलेले गेणभाऊ वाक्य संपायच्या आत स्टेजवर होते.

"गेली की वो तुमची शाल!"

"जाऊ दे. त्यो लई येळ तळमळत व्हता." भाऊंनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण ते पाकात बरबटलेले होते. मग त्यांनी वाढप्यालाच हाक मारली, "पावणं, मसालेभात आणा जरा. आणि गेणभाऊचं पान मांडून ठेवा, आज त्यो जेवून जाईल."