चेहरा गिरिधरचा

रविवारी संध्याकाळी 'फोन उचलू नका' या मालिकेचा शेवटचा भाग झाला आणि सोमवारी सकाळी कळमन्याच्या फळबाजारात सरळ दोन तट पडले. संत्र्यांचे ढीग लागलेले, गाड्या उभ्या, व्यापारी आलेले, आणि सगळे जण लिलाव सोडून खुन्यावरून भांडत होते.

तसं भांडण्यासारखं होतंच. आठ महिने त्या मालिकेतल्या खुन्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. फक्त फोनवरचा आवाज ऐकू यायचा. हळू, मऊ, घरातलंच कोणी समजूत घालतंय असा. माणूस मारण्याआधी तो त्याला फोन करायचा, विचारपूस करायचा आणि शेवटी म्हणायचा, "घाई नाही. मी थांबतो." तेवढ्या चार शब्दांनी नागपुरातल्या अर्ध्या घरांनी रविवारी फोनची घंटा बंद ठेवायला सुरुवात केली होती. शेवटच्या भागात खुनी दिसला. पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसांच्या तक्रारी लिहून घेणारा साधा कारकून. ज्यांची माणसं यानेच मारली, तेच लोक याच्यापुढे बसून रडून गेलेले. इन्स्पेक्टर दार ढकलून आत येतो, तर हा खुर्चीत वाकून बुटाची नाडी बांधतोय. वर बघतो आणि म्हणतो, "घाई नाही. मी थांबतो." जीप निघते, मालिका संपते.

आणि तो कारकून म्हणजे बाजारातला मापारी गिरिधर! रोज वजनकाट्यावर क्रेट चढवणारा, नाटकाबिटकात अधूनमधून भाला धरून उभा राहणारा, मान खाली घालून चालणारा गिरिधर. नागपुरातच चित्रीकरण झालं होतं, तेव्हा याला कधी उचलला कोणाला पत्ता नव्हता.

"हा काय शेवट झाला?" संत्री निवडणाऱ्या शोभाताई हातातलं फळ नाचवत म्हणत होत्या. "कोर्ट नाही, फाशी नाही, जीपमधी बसून चालला गेला! आठ महिने आमची झोप उडवली, आन् निघालं कोण, तर हे गरीब गाय!"

"अवो, तेच तर भारी आहे ना!" चहावाला कवडू ओरडला. "राक्षस दिसला असता तर मजा काय? शेजारचाच निघाला, म्हणून तर माह्या अंगावर काटा आला."

ताराचंद क्रेटवर उभा राहून हे ऐकत होता आणि त्याचा नुसता जळफळाट होत होता. हा ताराचंद बाजारात हर्रास बोलायचा, म्हणजे ढिगावर उभं राहून बोली पुकारायचा. तीस वर्षं. त्याचा आवाज असा की मनोहरराव अडत्यांच्या गाळ्यात बोली सुटली की फाटकापाशी चहा पिणारा व्यापारी कप टाकून धावत यायचा. त्याच्या पोटात दुखायचं कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. फोनवरचा तो आवाज ताराचंदचा होता.

झालं होतं असं की चित्रीकरणवाले बाजारात जागा बघायला आले असताना त्यांच्यातल्या एका पोराने ताराचंदला बोली संपल्यावर कोपऱ्यात कोणाशी तरी हळू बोलताना ऐकलं. दिवसभर ओरडून गळा थकला की त्याचा आवाज खाली उतरायचा आणि काय मखमल व्हायचा! त्यांनी त्याला धरमपेठेतल्या एका स्टुडिओत नेलं, अंधाऱ्या काचेच्या खोलीत बसवलं, माईक तोंडाजवळ आणला. शेवटचा भाग होईपर्यंत कोणाला सांगणार नाही, अशी कागदावर सही घेतली. ताराचंदने ती इमानाने पाळली. बायकोला, कौशल्यालासुद्धा सांगितलं नाही. रविवारी ती घाबरून पदर तोंडावर घ्यायची आणि हा शेजारी बसून मिशीत हसायचा. तो सुखाचा काळ होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याला शेवटचा प्रसंग बोलायला बोलावलं. पडदा उजळला, आणि त्याच्या शब्दांवर ओठ हलवत समोर कोण, तर गिरिधर! ताराचंदच्या डोक्यात त्या क्षणी जी ठिणगी पडली, ती पुढे रोज पेटतच गेली. इतके महिने घाम मी गाळायचा, लोकांची गाळण मी उडवायची, आणि तोंड याने दाखवायचं?

तरी त्याने मनाची समजूत घातली होती. शेवटी नावं येतील, तेव्हा कळेल सगळ्यांना. रविवारी नावं आली. गिरिधरचं ठसठशीत आलं. 'आवाज' असं काहीतरी सर्रकन वर सरकलं आणि त्याच्यावर डिटर्जंट पावडरची जाहिरात येऊन बसली.

सोमवारी दुपारी न राहवून त्याने कवडूला सांगूनच टाकलं. कवडूने किटली खाली ठेवली आणि पोट धरून हसला.

"तू? अबे ताराचंद, तुहा आवाज कामठीपर्यंत जाते! तो माणूस तर कानात बोलते."

"मंग ऐक," ताराचंद म्हणाला आणि घसा खाकरून, आवाज खाली आणून बोलला. पण मागे ट्रक हॉर्न देत होता, हमाल ओरडत होते, स्टोव्ह फरफरत होता. त्या गदारोळात तो आवाज कवडूच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

"काय म्हणून राहिला? जोरात बोल ना!" कवडू म्हणाला.

त्यावर ताराचंदने पुन्हा सांगायचा नाद सोडला. मग त्याने दुसराच उद्योग धरला. ज्याला-त्याला गाठून विचारायचं, "शेवट कसा वाटला गा?" कोणी शिव्या घातल्या की त्याला थंड वाटायचं. शोभाताईंकडे तर तो दिवसातून चारदा जायचा. पण सुख लागू देईल तर तो बाजार कसला! शिव्या घालता घालता त्या एकदम म्हणाल्या, "बाकी काही म्हणा, गिरिधरनं आवाज मात्र काय काढला, बाप्पा! एरवी कसा चिमणीवानी बोलते. नटाचीच कमाल." ताराचंदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवट आवडला म्हणणारेही गिरिधरचेच, न आवडला म्हणणारेही गिरिधरचेच! ताराचंदच्या वाट्याला कोणी नाही.

मंगळवारी मनोहररावांनी जाहीर केलं की बुधवारी लिलाव आटोपला की दुपारी गिरिधरचा सत्कार. सगळ्यांनी घरच्या मंडळींना घेऊन यायचं. ताराचंद गाळ्यात गेला तेव्हा टेबलावर ताट मांडून ठेवलं होतं. नारळ, हार आणि शाली. त्याने पुन्हा पाहिलं. शाली दोन होत्या. एकीने याच्या खांद्यांचं भागत नाही वाटतं!

त्याच संध्याकाळी गिरिधर त्याच्याकडे आला. नेहमीसारखा खाली पाहत, आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाला, "ताराभाऊ, तो आवाज तुहा आहे हे मले शूटिंगवाल्याइनं सांगतलं होतं. एक काम होतं. उद्या लोक मले तो डायलॉग म्हणायले लावतीन. तू स्टेजच्या मागं, क्रेटच्या थप्पीआड उभा राहशील का? मी हात वर केला का म्हणजो. कोणाले सांगू नको पण. मजा येईल."

ताराचंद त्याच्याकडे पाहतच राहिला. माणसाला लाज असावी तरी किती कमी! पडद्यावर माझा गळा वापरला, आता उघड्या बाजारातही वापरणार, आणि मी आपला संत्र्यांच्या आड लपून याचं पोट भरायचं?

"येतो ना," तो गोड हसून म्हणाला. "काहून नाही येणार?"

रात्री कौशल्या म्हणाली, "उद्या मी येतो बरं सत्काराले. गिरिधरभाऊनं मुद्दाम निरोप धाडला." ती लोखंडी कपाटातून ठेवणीतलं पातळ काढत होती. गिरिधरसाठी ठेवणीतलं पातळ! ताराचंद भिंतीकडे तोंड करून झोपला.

बुधवारी लिलावाच्या ओट्यावर सतरंजी घातली होती, मागे क्रेटची पुरुषभर उंच थप्पी रचली होती. बायका पुढे, हमाल-व्यापारी मागे, पाचशे माणूस तरी असेल. कौशल्या पहिल्या रांगेत. ताराचंद कुठे होता? तो थेट फाटकाजवळ, कवडूच्या टपरीवर, हातात गरम चहा घेऊन उभा होता. गिरिधर हात वर करेल, तोंड उघडेल आणि त्यातून काही निघणार नाही. किंवा निघेल ती चिमणी. पाचशे लोकांपुढे. हे दृश्य त्याला नीट, सावकाश, घोट घोट पाहायचं होतं.

हार झाला, नारळ झाला, एक शाल झाली. लोक ओरडायला लागले, "डायलॉग! डायलॉग!" गिरिधर माईकसमोर आला. पण तो डायलॉग म्हणालाच नाही. बोलायला लागला.

"मले बोलता येत नाही," त्या बारीक आवाजात तो म्हणाला, "हे तुमाले सगळ्याइले माहीत आहे. मी फक्त नाडी बांधली. तुमी घाबरले ते मले पाहून नाही. तो आवाज माहा नाही. तो आवाज याच बाजारातला आहे. रोज तुमी त्याच्याच बोलीवर माल घेता. सही केली होती म्हणून रविवारपर्यंत मले सांगता आलं नाही. नुसतं सांगतलं तर तुमाले पटणार नाही, म्हणून ऐकवतो. माणूस या थप्पीमागं उभा आहे. आता सगळे चूप राहा. कोणी हॉर्न वाजवू नका."

आणि त्याने हात वर केला.

पाचशे माणसांचा बाजार चिडीचूप झाला. कळमन्यात इतकी शांतता ताराचंदने तीस वर्षांत ऐकली नव्हती. त्या शांततेत कुजबुज केली असती तरी शेवटच्या हमालापर्यंत पोचली असती. चहा त्याच्या बोटांवर सांडला, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

गिरिधर हात वर धरून उभा होता. थप्पीमागून काही आलं नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. गिरिधरने मागे वळून पाहिलं, पुन्हा हात वर केला.

ताराचंद धावला. गर्दी दाट होती. खांदे, पाठी, टोपल्या. अर्ध्यातच अडकला. तोवर हशा वाढायला लागला होता, म्हणून जीव गोळा करून तो तिथूनच ओरडला, "घाई नाही! मी थांबतो!"

तीस वर्षांची हर्राशीची सवय. तो आवाज पत्र्याच्या छतावर आपटून परत आला. सगळी माणसं मागे वळली, क्षणभर थांबली, आणि मग जी हसली म्हणता! "ताराचंद बोली लावून राहिला रे!" कोणीतरी म्हणालं. "एक बार, दोन बार!" दुसरा ओरडला. शोभाताई डोळे पुसत हसत होत्या. गिरिधरने काय मस्त गंमत केली, असंच सगळ्यांना वाटलं. उरलेली शाल वाया नको म्हणून मनोहररावांनी ती शोभाताईंच्याच खांद्यावर टाकली, मालिकेवर सगळ्यांत जास्त भांडल्याबद्दल. टाळ्या कडकडल्या.

गर्दी पांगल्यावर ताराचंद थप्पीमागे गेला. तिथे एक स्टूल होतं, झाकलेला पाण्याचा पेला होता, आणि त्याच्या तोंडाच्या उंचीवर बसवलेला दुसरा माईक होता. त्याचा लाल दिवा अजून चालू होता.

गिरिधर तिथेच वायर गुंडाळत बसला होता. त्याने वर पाहिलं. रागवलेला मुळीच नव्हता, तेच वाईट.

"कुठी अटकला होता गा ताराभाऊ? मी लय वेळ थांबलो. बरं नव्हतं का?"

"घसा बसला होता," ताराचंद म्हणाला.

"मले वाटलंच. आता तर लोकाइले पटणारच नाही," गिरिधर हळहळला आणि वायर घेऊन निघून गेला.

कौशल्या ओट्याच्या पायरीवर उभी होती. ठेवणीतल्या पातळाचा पदर तिने घट्ट पिळून धरला होता. ताराचंदने तिच्याकडे न पाहता म्हटलं, "चाल घरी."

"घसा बरा होता तुमचा," ती म्हणाली. "मी मागं वळून पाहत होती. चहा पिऊन राहिले होते तुमी."

तो चपलेने सतरंजीची दुमडलेली कड सरळ करायला लागला.

"मले पहिल्याच रविवारी ओळखू आला होता आवाज. लगीन झालं तेव्हा असेच बोलत होते तुमी माह्यासंग. मंग बंद झालं. घरात भाजीत मीठ कमी आहे हेही हर्राशीवानी सांगता. त्या फोनवर मरणाऱ्या बायाइचा मले हेवा वाटे, सांगू का? मरत होत्या, पण काय मायेनं विचारत होते तुमी त्याइले." तिने पदर सोडला, सारखा केला. "आठ महिने वाट पाहिली का तुमी मले सांगान. मंग गिरिधरभाऊनं निरोप धाडला, म्हटलं चला, आज सगळ्याइसंग तरी ऐकू."

ताराचंदने तोंड उघडलं. तिला हळूच काहीतरी म्हणायचं होतं, अगदी हळू, स्टुडिओतल्यासारखं. पण एवढं ओरडून गळा पार फाटला होता. नुसती घरघर निघाली.

"राहू द्या," कौशल्या म्हणाली, आणि स्टुलावरचा तो झाकलेला पेला उचलून तिने त्याच्या हातात दिला.