बंद गिरणीचं मोजमाप

शहाऐंशी साली सरकारने कायदा केला, की वीजवाल्यांनी वीज वाया घालवायची नाही. तारांतून किती गळते ते मोजा, गळती कमी करा, वर्षाच्या आत कागद पाठवा. कायद्याला मी वाईट म्हणत नाही. पण राबवायला दिला कुणाच्या हातात? ज्यांनी आजवर वीज गळवली त्यांच्याच.

नाटे गावाच्या अलीकडे, आमच्या वाडीत बकुळाची पिठाची गिरणी आहे. नवरा मुंबईला, गिरणी हीच चालवते. ट्रान्सफॉर्मर दीड मैलावर, कातळापलीकडे, आणि मधली तार वीस वर्षांची, जागोजागी सांधलेली. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची. मग बकुळा आणि दळणाला आलेली एखादी बाई मिळून पट्टा हाताने ओढायच्या. चाक फिरलं की मोटर कशीबशी उचलायची. आठ वर्षं असंच. वाडीतल्या अर्ध्या बायकांच्या तळहातांना त्या पट्ट्याचे घट्टे आहेत.

इंजिनिअर साहेब मोजायला येणार असा निरोप आला, तेव्हा बकुळाने केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. गिरणी बंद ठेवली. दळणं परत पाठवली, जमीन सारवली, शहाळी काढून ठेवली. पाहुण्यासमोर खडखडाट बरा नव्हे ना.

साहेब शहाळं प्यायला. मीटर लावला. चारशे दहा.

"व्होल्टेज तर झकास आहे, बाई."

झकासच दिसणार. मोटर बंद होती. भार पडला की जुन्या तारेतलं व्होल्टेज बसतं, हे त्या डिग्रीवाल्याला ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. ठाऊक होतं. बंद गिरणी त्याला सोयीची होती.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. तार सुस्थितीत, ग्राहकाची मोटर सदोष, विजेचा अपव्यय, सबब जोडणी तोडण्यात येईल. तार बदलायला नको, खांब रोवायला नकोत. एक बाई तोडली की गळती कमी, कायदा पाळला.

गणपती दहा दिवसांवर असताना वायरमन काशीराम शिडी घेऊन आला.

"मला दोष देऊ नका वैनी, वरनं हुकूम हाय."

"तुला कोन दोष देतंय? शिडी टेक नि आत ये, पानी पी."

तो पाणी पिऊन बाहेर आला तर शिडी नाही. दारात म्हातारी सोनूबाई बसलेली.

"आजी, शिडी कुठं गेली?"

"साहेबाला आनायला."

"माजी नोकरी जाईल ओ."

"नि हिची गिरन जाईल ती? सांग त्याला, मीटर घेऊन ये. शिडी मग देऊ."

चौथ्या दिवशी जीप आली. साहेब लालबुंद. गिरणीत वीस बायका डबे घेऊन उभ्या, मोटर चालू, दळण पडतंय. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

"मोटर बंद करा. असं मोजता येत नाही."

"तवा बंद होती ती बरी मोजता आली," बकुळा म्हणाली. "आता चालू मोजा."

"सरकारी कामात अडथळा आणताय. पोलीस बोलवीन."

"बोलवा की," सोनूबाई म्हणाली. "हवालदारनीचा डबा तिसरा हाय रांगेत."

बायका हसल्या. साहेबाने मीटर लावला. काटा खाली आला आणि खालीच राहिला. साहेबाने काचेवर टिचकी मारून बघितली. मागून काशीरामच म्हणाला, "तीनशे दहा, साहेब."

साहेबाने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याची बदली तिथंच झाली असं आम्हाला वाटलं.

"लिवा," बकुळा म्हणाली.

"तार बदलायला मंजुरी लागते. दोन वर्षं जातील."

"जाऊं देत. गिरन तोडायची नाय, येवढं आत्ता लिवा."

"बाई, या खडखडाटात लिहायचं कसं? पाच मिनिटं बंद ठेवा."

बकुळाने पुढचा डबा उचलून वर ओतला. साहेब बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागला, आणि ती लिहिलेलं वाचायला त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली.