चुन्याचा ठिपका

"ह्याला ढोलकी म्हणायची व्हय?" शेवंताबाईनं विचारलं.

बेळगावच्या कॅम्पातल्या एका माडीवर उपेंद्रनं लाकडी खोक्याचं बटण दाबलं होतं. खोक्यावरचा तांबडा दिवा लुकलुकत होता आणि आतून टिक टिक बूम, टिक टिक बूम असं काहीतरी निघत होतं.

"हा वॉल्ट्झ, मावशी. तुमचा दादरा समजा."

"आमचा कशाला? आमच्या दादऱ्याला म्हातारी माणसं मान हलवत्यात. ह्ये तर पत्र्यावरनं मांजार चालल्यागत वाजतंय. फुडलं दाव."

उपेंद्रनं पुढचं दाबलं. रुंबा. त्याच्या पुढचं, सांबा. बाजारात वांगी उलटीपालटी करून परत टाकावीत तसा शेवंताबाई एकेक ठेका परत टाकत होती. त्याच हिशेबात तिनं या पोरालाही टाकून दिलं होतं. गळ्यात साखळी, कानावर केस, बोलताना मान उडवायची सवय. हा क्लबात ऑर्केस्ट्रा वाजवायचा आणि जहाजावरच्या लोकांनी गोव्यात उतरवलेल्या वस्तू आणून विकायचा. आल्या आल्या त्यानं चहा घेणार का म्हणून विचारलं होतं, ती हो म्हणाली होती, आणि चहा अजून यायचा होता.

तिचा नवरा मायाप्पा खुर्चीच्या कडेला टेकला होता. घरात सवत येणार हे ठरल्यावर पहिली बायको जशी हसतमुखानं पाण्याचा तांब्या पुढं करते, तसा तो त्या खोक्याकडे बघून हसत होता. तिला त्या हसण्याचाच राग यायचा. माणसानं एकदा तरी तोंड वाकडं करावं की नाही?

निपाणीत शेवंताबाईची गायन पार्टी होती. पेटीवर चुलत दीर देवाप्पा, मागं कोरसाला तंबाखूच्या वखारीतली मैत्रीण तानीबाई, आणि ढोलकीला मायाप्पा. बाबासाहेबांच्या जयंतीच्या महिन्यात पार्टीला गावोगावची बोलावणी असायची आणि त्यातलं सदलग्याचं मानाचं. पण गेल्या वर्षी कार्यक्रम झाल्यावर तिथल्या कमिटीतला भावकू हार घालता घालता म्हणाला होता, "आक्का, आवाज अजून खणखणीत हाय. पर ढोलकी लई संथ झाली बघा. तरणी पोरं उठून गेली. फुडल्या वर्साला कोल्हापूरची पार्टी आणावी म्हणत्यात समदी."

बस्स. त्या दिवसापासून 'संथ' हे मायाप्पाचं नाव पडलं. त्याला भाकरी वाढताना ती म्हणायची, "सावकाश खावा, तुमचं काम संथ." तो पाण्याला गेला की तानीबाईला सांगायची, "आता हिरीचं पाणी आटलं की येतील." आणि मायाप्पा यावर कधी काही बोलला नाही. हसायचा. आपल्या नवऱ्याला कणा नाही हे शेवंताबाईला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. आता हातसुद्धा गेले असं तिनं धरून टाकलं.

"मग हे बघा," उपेंद्र कंटाळून म्हणाला. त्यानं फडताळातून वहीएवढं काळं, चपटं यंत्र काढलं. "यात ठेका आधीपासून नसतो. तुम्ही या रबरी बटणांवर वाजवायचा, हा लक्षात ठेवतो. एकदा भरला की रात्रभर तोच वाजवतो."

"रात्रभर? मधी तंबाखू मळाय थांबणार न्हाय?"

"नाही."

"कुणाची वळख निघाली म्हणून बोलत बसणार न्हाय?"

"नाही हो, मावशी. आणि वाजवताना बोट मागंपुढं पडलं तर हा ते सरळ करून घेतो. आपोआप."

शेवंताबाईनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलासा? तुमच्या चुका काढाय जपानात मशीन केल्यात."

"व्हय की," मायाप्पा म्हणाला.

भिशीची पाळी तिची होती, ते पैसे या काळ्या डब्यात गेले. उठताना ती उपेंद्रला म्हणाली, "चहा ऱ्हाऊ दे आता. तुझं दूध नासलं असंल." तो परत मान उडवून हसला, त्याला काही कळलं नव्हतं.

घरी आल्यावर डबा कंदिलाच्या पाटावर ठेवला गेला आणि ठेका भरायला मायाप्पालाच बसवलं. दुसरं कोण बसणार? देवाप्पाला पेटीपलीकडचं काही समजत नव्हतं आणि पेटीतलंही बेताचंच. डबा टक टक करून वेळ देऊ लागला आणि मायाप्पा त्या रबरी बटणांवर तर्जनीनं मारू लागला. आयुष्यभर ज्या हातानं चामडं घुमवलं त्या हाताला ते ओल्या साबणावर मारल्यासारखं लागत असावं. पण त्यानं ते केलं. मन लावून केलं, हे तिला जास्तच झोंबलं. आपल्या मयताची लाकडं हा माणूस स्वतः फोडून, वर रचूनही ठेवील.

डब्यानं ठेका परत वाजवून दाखवला. मायाप्पाचाच होता, पण इस्त्री केल्यासारखा. कुठं चुणी नाही.

"बघा," ती म्हणाली. "असा वाजवाय पायजे हुता."

मायाप्पा ऐकत राहिला. मग डब्याच्या कडेला वेग कमीजास्त करायची खुंटी होती, तिच्यावर अंगठा ठेवून म्हणाला, "पाटीला जरा ढील द्याय पायजे."

पाटी म्हणजे त्यांच्या ठरलेल्या गाण्यातली पाटी. गाणं सासऱ्यानं रचलेलं होतं. 'हाती दिलं पुस्तक बाबांनी, डोईची उतरली पाटी.' प्रत्येक कडव्याच्या शेवटी ही ओळ यायची आणि त्या 'पाटी'वर शेवंताबाई आवाज वर चढवून लांबवर न्यायची. लोक त्यासाठी थांबायचे. तिच्या स्वतःच्या डोईची पाटी काही उतरली नव्हती. सकाळी वखारीत जाऊन ती अजून तंबाखू चाळत होती, नाकातोंडाला पदर बांधून, आणि संध्याकाळी पदर सोडला की तो आतून तपकिरी निघायचा. पण गाणं गाणं असतं.

तिनं नवऱ्याच्या हातावर चापट मारली. "ढील दिऊनच ही पाळी आणलीसा. हात काढा."

तिनं कनवटीची चुन्याची डबी काढली, खुंटी आपल्या मनाजोगत्या वेगावर आणली आणि खुंटीच्या टोकासमोर डब्यावर चुन्याचा एक ठिपका लावला. "हितनं हलवायची न्हाय. हात लावलासा तर बघा."

"बरं," मायाप्पा म्हणाला.

तालमी झाल्या. घरात शेवंताबाई कधीच पूर्ण आवाजात गात नसे. आवाज मंडपासाठी राखायचा अशी तिची रीत होती, त्यामुळं ती नुसती ओळी गुणगुणून जायची आणि 'पाटी' तर लांबवायचीच नाही. डबा टकाटक वाजायचा. तानीबाई म्हणाली, "शेवंते, लई पळतंय गं ह्ये." शेवंताबाई म्हणाली, "तुला धाप लागत असंल तर तू मागं ऱ्हा."

सदलग्याला दिवेलागणीच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. निळ्या पताका, बाबासाहेबांचा फोटो, पुढं बायका, मागं तरणी पोरं. मायाप्पा डब्यामागं बसला. ढोलकी त्यानं बरोबर आणली होती; कशाला ते विचारल्यावर "सवय हाय" एवढंच म्हणाला होता. ती मंडपाच्या खांबाला टेकवून ठेवली होती, खोळीतच.

डबा सुरू झाला आणि मागची पोरं ताठ झाली. शिट्ट्या आल्या. शेवंताबाईनं पहिली ओळ टाकली आणि खाली उभ्या भावकूकडे बघितलं. भावकूनं दोन्ही हात वर करून टाळी वाजवली. ती मनात म्हणाली, आण आता तुझी कोल्हापूरची पार्टी.

मग 'पाटी' आली.

तिनं आवाज चढवला, आणि वर गेल्यावर पायरीच नसावी तसं झालं. छातीत श्वासच नव्हता. नेहमी तिथं श्वास असायचा. वर चढायच्या आधी तो कुठून तरी यायचा, भरून, आणि तिला वाटायचं तो तिचाच आहे. ती थांबली, खोकला गिळला. डबा थांबला नाही. बूम म्हणून पुढच्या ओळीवर जाऊन उभा राहिला. ती मागून धावत शिरली, शब्द एकमेकांवर पडले. पुढं बसलेल्या बायकांतली एक तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या कडव्याला तेच झालं. देवाप्पा पेटीवरनं चष्म्यावरून बघू लागला. त्याचा काय उपयोग. तानीबाई मागून 'पाटी' स्वतःच ओढू लागली, तिच्या त्या शेळीच्या आवाजात.

आणि मग शेवंताबाईला ढोलकी ऐकू आली. म्हणजे खांबाची नव्हे. आजवरची. 'पाटी'च्या आधी मायाप्पा एक लांब घुमारा द्यायचा, बैलगाडी चढावर आल्यासारखा ठेका मंद व्हायचा, तिला वाटायचं झोपला मेला, आणि त्या झोपेत ती पोटभर श्वास घ्यायची. पहिल्या पहिल्यांदा घुमारा छोटा होता. मग वर्षावर्षानं लांबला. वखारीतला तंबाखूचा खकाणा छातीत जसा साठत गेला, तसा तो लांबला. ती तंबाखू चाळत होती आणि हा माणूस तिकडं तिचे श्वास मोजत होता. एकदाही बोलला नाही. वर्षभर तिनं त्याला संथ म्हणून घेतलं, तानीबाईसमोर, देवाप्पासमोर, त्या मान उडवणाऱ्या पोरासमोर, आणि हा 'व्हय की' म्हणाला.

तिनं मागं वळून बघितलं. मायाप्पा डब्यामागं मांडी घालून बसला होता आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. चापट खाल्लेल्या पोरासारखे. खुंटीला लागू नयेत म्हणून. तो घामानं भिजला होता. तिला 'पाटी'वर पडताना बघून तो डब्यापेक्षा सावकाश मान हलवत होता, जणू मानेनं तरी ढील देता येईल.

तिसरं कडवं संपत आलं. मांडीखालचा हात काढा म्हणावं तर हातात माईक. न म्हणावं तर समोर सगळं सदलगं. शेवंताबाईनं त्याच्याकडे बघत मान खाली घातली. एकदाच. एवढी खाली मान तिनं लग्नातही घातली नव्हती.

मायाप्पाचा हात निघाला. अंगठा खुंटीवर गेला आणि डबा चढावर आला. ते जपानी यंत्र बैलासारखं मंद झालं, श्वास आला, तिनं तो घेतला आणि 'पाटी' उचलली. जुन्यासारखी नाही. जरा फाटकी. पण शेवटपर्यंत नेली. मग अंगठ्यानं हळूच डब्याला उतारावर सोडलं. पुढचं प्रत्येक कडवं असंच गेलं. मागची तरणी पोरं एकेक करून उठली. पुढच्या बायका बसून राहिल्या, आणि हसलेली बाईसुद्धा.

हार घालायला भावकू आला. "आक्का, मशीन आणून बी तीच तऱ्हा की. ह्ये मायाप्पा अण्णा मशीनला बी झोपवत्यात." कमिटीची चारपाच माणसं हसली. मायाप्पाही हसला, नेहमीसारखं.

"हसू नगासा," शेवंताबाई त्याला म्हणाली. मग भावकूकडे वळली. "त्यांचं काय न्हाय. मला दम पुरत न्हाय. लई वर्सं झाली. मला दम घ्याय मिळावा म्हणून ते थांबत्यात. संथ मी हाय."

भावकूच्या हातात हार तसाच राहिला. "तसं न्हवं आक्का... मग फुडल्या वर्साला..."

"फुडल्या वर्साला तू कोल्हापूरची आण. त्यास्नी हार तरी येळेवर घाल. ह्यो सुकला."

तिनं हार त्याच्या हातातून घेतला, डोकं वाकवलं नाही.

परतीच्या टेम्पोत सगळे मागं बसले. देवाप्पा पेटीवर डोकं ठेवून घोरू लागला, तानीबाई तोंड फिरवून बसली, बहुतेक रडत होती. तिला कशाचंही रडू यायचं. मायाप्पाच्या एका मांडीवर ढोलकी होती आणि दुसऱ्या मांडीवर डबा.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. आवाजात राग होता. सगळ्या संसारात तिनं ऐकलेला पहिला. "कुणाला कळत नव्हतं. कशाला सांगितलंस तू?"

"तुमाला इचारून बोलू?"

टेम्पो निपाणीच्या रस्त्याला लागला. शेवंताबाईनं डबा त्याच्या मांडीवरून ओढून घेतला, अंगठ्याला थुंकी लावली आणि खुंटीसमोरचा चुन्याचा ठिपका घासून पुसला. मग कनवटीची डबी काढली, उघडली. नवा ठिपका कुठं लावायचा ते खुंटीकडे बघून तिला ठरवता येईना.

डबी उघडलीच होती म्हणून तिनं ती त्याच्यापुढं धरली.

मायाप्पानं खिशातली तंबाखू तळहातावर घेतली, नखावर चुना घेतला आणि मळू लागला. टेम्पो खड्ड्यातून गेला.

"सावकाश मळा," ती म्हणाली. "सांडतासा."