चार पावलांवरचं बेसिन

"सिस्टर, लिहा. फुलातला मकरंद पिणारं वटवाघूळ आणि आपल्या कातडीवर राहणारा जंतू. दोघांत साम्य काय?"

सरांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. आतड्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे ते अंथरुणाला खिळले होते. छातीजवळच्या शिरेत घातलेल्या नळीतून पोषण आणि औषधं चालली होती. मुलांसाठी ते एक छोटं पुस्तक करत होते. हात थरथरायचा, म्हणून दुपारी जरा उसंत मिळाली की सिस्टर लिहून घ्यायची.

"दोघंही फुकटे," ती हसून म्हणाली.

"छे! वटवाघूळ पोट भरतं आणि अंगाला चिकटलेले परागकण पुढच्या फुलाला पोचवतं. जंतू आपला घाम, तेल खातो आणि वाईट जंतूंना जवळ फिरकू देत नाही. खाल्ल्या अन्नाला जागतात दोघं."

"मग फरक काय?"

"वटवाघूळ स्वतः उडत जातं. जंतू बिचारा कुणी नेईल तिथं जातो."

तेवढ्यात समोरच्या खाटेवरच्या आजींना उलटी झाली. सिस्टरने त्यांना सावरलं, तोंड पुसलं. सरांच्या औषधाची वेळ टळत होती. ती लगबगीने परतली, नळीचं टोपण काढलं, औषध सोडलं. बेसिन चार पावलांवर होतं.

तिसऱ्या दिवशी सरांना हुडहुडी भरली. नळी काढावी लागली. दोन दिवस ते शुद्धीत नव्हते.

"रक्तात कातडीवरचा साधा जंतू निघालाय," रिपोर्ट बघून डॉक्टर तिला म्हणाले. "कुठूनही येतो. मनाला लावून घेऊ नका."

सरांना खरं सांगून टाकणार, असं ती घरी म्हणाली. नवरा म्हणाला, "कुणी विचारलंय का तुला? मग कशाला तोंड उघडतेस?"

सर शुद्धीवर आले, त्या सकाळी ती खाटेपाशी उभी राहिली.

"सर, तो जंतू माझ्या हातून आत गेला." आणि तिने सगळं सांगितलं.

"आमच्या हिने दोन दिवस बाहेरच्या बाकावर काढले," सर एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "वरच्यांना लिहून द्या. आधी मला दाखवा."

तिने लिहून आणलं. सरांनी चष्मा मागितला, सावकाश वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं : 'घाईगडबडीत हात धुतले गेले नाहीत.'

"कर्ता कुठाय, सिस्टर?"

ती तिथंच स्टुलावर बसली. नवा कागद घेतला. पहिला शब्द लिहायला तिला फार वेळ लागला. सर डोळे मिटून पडून होते. त्यांनी घाई केली नाही.