दगड धरून चौघं

सत्यजितने फावड्याचं पातं बर्फाच्या खांबावर आडवं ठेवलं आणि त्यावर हाताने थापट्या मारायला सुरुवात केली. आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून. खांब हलला नाही. तो सरकला असता, तर समोरचा उतारही कोसळू शकतो असं समजायचं. कमरेएवढा खड्डा, त्याच्या भिंतीतून कोरून काढलेला चौकोनी खांब आणि त्याला थापटणारा नागपूरचा माणूस. बर्फावरच्या पीएचडीचं हे त्याचं पाचवं वर्ष होतं.

“काय म्हणतोय?” यतीनने विचारलं.

“काही म्हणत नाहीये.”

“म्हणजे चांगलंय ना?”

“हं.”

वारा आठवडाभर थांबला नव्हता. कड्याच्या पलीकडचा बर्फ उचलून तो अलीकडच्या उतारावर आणून टाकत होता, घर हलवणारी माणसं सामान टाकतात तसा. असा रचलेला थर वरून टणक आणि सज्जन दिसतो. खालच्या थराने दगा दिला की सगळा उतारच निघून येतो, वर कोण चाललंय हे न पाहता. त्या उतारापलीकडे केबिन होती. तिच्यासाठी यतीन आणि त्याची बायको चैत्राली शॉमबर्गहून कोलोराडोला आले होते. सत्यजित यतीनचा कॉलेजमधला मित्र, म्हणजे घरचा तज्ज्ञ.

खड्डा जमिनीपर्यंत खणायचा असतो. सत्यजित अर्ध्यावर थांबला होता. आठवडाभर त्याने याच वाऱ्यात एकट्याने खड्डे खणले होते आणि आता फावडं उचललं की खांदा कुरकुरत होता. तळाचा बर्फ त्याने शेजारच्या डोंगरावर पाहिला होता. तिथे ठीक होता. इथे वेगळं काय असणार? केबिनमध्ये शेगडी होती.

“चला,” तो म्हणाला.

“थांबा,” चैत्राली म्हणाली. “आपण तिघं आहोत.”

चौथा परीक्षित येणार होता. काल त्याच्या ऑफिसात सिस्टिम झोपली आणि त्याने कॅन्सल केलं.

“मग?” यतीनने विचारलं.

“तिघांनी कामाला निघायचं नसतं. बरोबर एक दगड घ्यायचा. चार होतात.”

“चैत्राली, तू डेटा सायंटिस्ट आहेस.”

“मी मानत नाहीच. पण आईला प्रॉमिस केलंय.”

तिघांनी आजूबाजूला पाहिलं. बर्फ होता, झाडं होती, पुन्हा बर्फ होता.

“पॉवर बँक चालेल?” यतीन म्हणाला. “चार्ज गेलाय तिचा. तशी दगडच आहे.”

चैत्राली बुटाच्या टोकाने बर्फ उकरू लागली.

“दगड खाली असतील,” सत्यजित म्हणाला आणि लगेच पस्तावला.

“किती खाली?”

“जमिनीवर.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मित्राच्या बायकोला नाही कसं म्हणायचं, हे पीएचडीत शिकवत नाहीत. त्याने फावडं उचललं.

तळाजवळ फावडं एकदम हलकं झालं. भिंतीचा खालचा भाग फुटला नाही, सांडला. मोठे, कोरडे, चमकणारे दाणे त्याच्या बुटांवर घरंगळत राहिले. सत्यजित थांबला. त्याने हातमोजा काढून मूठभर दाणे घेतले आणि मूठ आवळली. मूठ उघडल्यावर ते बोटांतून गळून गेले.

चैत्राली वाकून बघत होती.

“भाजलेला रवा,” ती म्हणाली.

“हो.”

“लाडू वळेल?”

“नाही.”

त्याने पुन्हा खांब कोरला, या वेळी थेट तळापासून. वर फावडं ठेवलं. दोन-तीन हलक्या थापट्या झाल्या आणि अख्खा खांब, वरच्या टणक थरासकट, सावकाश सरकून त्याच्या मांडीवर येऊन बसला.



“पण मघाशी टेस्ट पास झाली होती ना यार?” यतीन म्हणाला.

“वरचा पास झाला होता. खालचा परीक्षेलाच बसला नव्हता.”

“तू ‘चला’ म्हणाला होतास.”

सत्यजितने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काचा आधीइतक्याच धूसर होत्या.

“हो,” तो म्हणाला.

यतीनने उताराकडे पाहिलं. पलीकडे केबिनचं छप्पर दिसत होतं, अगदी जवळ. मग त्याने पाठीवरची सॅक घट्ट केली आणि आल्या वाटेकडे तोंड केलं. सत्यजितने खड्ड्याच्या तळातून बटाट्याएवढा एक दगड उकरला आणि चैत्रालीच्या हातात दिला. ती तो जॅकेटच्या खिशात घालून चालू लागली.

तिघं पार्किंगमध्ये पोचले. गाडी तापत असताना चैत्रालीने दगड काढून सत्यजितपुढे धरला.

“आमचं काम झालं. उद्या तुम्ही परत येणार ना इथे?”

“डिपार्टमेंटची दोघं आहेत बरोबर.”

“म्हणजे तिघं. मग असू दे तुमच्याकडे.”

सत्यजितने दगड घेतला, हातात तोलला आणि दुखऱ्या खांद्याने जमेल तितका लांब बर्फात भिरकावून दिला.

“नको,” तो गाडीत बसत म्हणाला. “उद्या तळापर्यंत खणून नवीन काढू.”